फिनिशिंगचा हात

फिनिशिंगवाल्याचं नाव फोटोवर कधी येत नसे. पाठीमागे जांभळ्या शाईचा शिक्का असायचा तो स्टुडिओचा, त्याखाली पेन्सिलीनं पावतीचा नंबर आणि गिऱ्हाइकाचं आडनाव. गालावरचे देवीचे व्रण कुणी बुजवले, कपाळावर कुंकू कुणी चढवलं, चुरगळलेली कॉलर कुणी सरळ केली, याची नोंद कुठंच नाही. ती नव्हती यात कुणाला वावगंही वाटत नव्हतं. काम दिसलं की फिनिशर कच्चा, असा साधा हिशेब होता.

मी सांगलीत शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेल्या माणसाचं घर पगारात चालायचं, पण ओढाताणीनं. म्हणून संध्याकाळी गणपती पेठेच्या बाजूला एका स्टुडिओत बसायचो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. पुढे पडदा, दोन दिवे आणि कोरीव पाठीची खुर्ची, मागे डार्करूम, आणि दोहोंच्या मधल्या बोळात माझं डेस्क. आज समकालीन कलेबद्दल काही वाचलं, बडोद्याला शिकलेल्या पुतणीच्या तोंडून नवी नावं ऐकली, की मी ते सगळं त्या बोळातूनच बघतो. याला संकुचित दृष्टी म्हणायचं तर खुशाल म्हणा.

आधी ते काम सांगतो, कारण ते आता कुणी करत नाही.

डेस्कला मधोमध तिरकी घासलेली काच. तिच्यावर निगेटिव्ह ठेवायची आणि खालच्या आरशानं उजेड तिच्यातून वर घ्यायचा. निगेटिव्हचा पृष्ठभाग गुळगुळीत, त्याच्यावर पेन्सिल घसरते. म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेल्या राळेचं एक औषध चिंधीनं चोळायचं, त्याला आम्ही नुसतं ‘मीडियम’ म्हणायचो. मग कडक पेन्सिल. तिचं शिसं दोन बोटं उघडं ठेवायचं आणि काचपेपरवर फिरवून फिरवून टोक काढायचं. निगेटिव्हमध्ये जग उलटं असतं. डोळ्याखालची काळी सुरकुती तिथं पारदर्शक दिसते. तिच्यात अगदी बारीक स्वल्पविरामांसारखे फराटे भरत गेलं की प्रिंटवर ती सुरकुती उजळते. जास्त भरलं तर चेहरा पिठाचा होतो. कमी भरलं तर गिऱ्हाईक म्हणतं, ‘मी इतकी म्हातारी दिसते होय?’

एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठी प्रत काढायचं यंत्र, त्याच्याखालचं काम मात्र अण्णा स्वतः करायचे. लाल दिवा, कागदावर पडलेला चेहरा, आणि उजेडाच्या वाटेत अण्णांचा हात. चेहऱ्याचा जो भाग काळवंडेल असं वाटे, त्याच्यावर ते बोटांची सावली धरत. पण हात एका जागी नाही, सतत हलता. क्षणभर थांबला तर बोटांची कड कागदावर उमटते आणि ब्रोमाइडचा कागद वाया जातो. मला शिकवताना ते म्हणाले होते, ‘मास्तर, हात हलता ठेवा. कागदाला कळू द्यायचं नाही.’

फोटोला कला म्हणावं की नाही, हा वाद युरोपात शंभर वर्षं चालला. आमच्याकडे तो कधी पेटलाच नाही, कारण आमच्याकडे चित्रवाला आणि फोटोवाला बहुतेकदा एकच माणूस. पॅरिसमध्ये दागेरची फोटो काढायची युक्ती जगजाहीर झाली १९ ऑगस्ट १८३९ ला. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलं ५ नोव्हेंबर १८४३ ला. म्हणजे कॅमेरा आणि मराठी नाटक पाठोपाठची भावंडं. पुढे नाटकासाठी राजवाडे नि उपवनं रंगवणाऱ्या माणसांनीच स्टुडिओतले पडदे रंगवले. अण्णांच्या पडद्यावर संगमरवरी जिना होता आणि तो जिथं संपायचा तिथं मोर. हळदीच्या व्यापाऱ्यापासून बुधगावच्या पैलवानापर्यंत सगळे त्या जिन्यापाशी उभे राहिले. जिना खरा आहे असं कुणालाच वाटलं नाही, आणि खोटा आहे अशी तक्रारही कुणी केली नाही.

हा सगळा मुलूखच तसा. किर्लोस्करवाडी उभी करणारे लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. (एका माणसाच्या रंगांधळेपणातून सांगली जिल्ह्याला नांगराचा कारखाना मिळाला, हे मी वर्गात मुलांना हटकून सांगायचो.) वेदांचे पंडित म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते सातवळेकर मूळचे जे. जे. चे चित्रकार. लाहोरात त्यांचा स्टुडिओ होता, चित्रंही आणि फोटोही. ते येऊन स्थिरावले सातारा जिल्ह्यात, औंधला. आणि औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः कुंचला धरणारे. यमाईच्या डोंगरावर निम्म्या वाटेत त्यांनी १९३८ मध्ये उघडलेलं संग्रहालय आजही आहे. रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरची आई-मूल अशी मूर्तीही आहे. शाळेची सहल मी दर काही वर्षांनी तिकडेच न्यायचो. रविवर्म्यासमोर एखादं पोरगं हमखास विचारायचं, ‘सर, हा फोटो आहे का?’ त्या पोराला त्याहून मोठी शाबासकी माहीत नव्हती.

युरोपात आधी फोटोला चित्र व्हायचं होतं. इंग्लंडमध्ये हेन्री पीच रॉबिन्सननं १८५८ मध्ये एका मरणासन्न मुलीचा फोटो केला, पाच निगेटिव्ह जोडून. लोक खवळले. अशी वेळ फोटोत धरायची नसते, शिवाय ती खरी नव्हतीच. मला हे वाचून हसू आलं, कारण जोडफोटो हा आमचा रोजचा धंदा. नवरा वारलेला, दोघांचा एकत्र फोटो कधी काढलेला नाही. मग त्याचं डोकं कुणाच्या तरी वरातीच्या ग्रुप फोटोतून उचलायचं, त्याला दुसऱ्याचा कोट चढवायचा आणि बायकोशेजारी बसवायचं. मानेवरचा जोड लपवणं हे कौशल्य. त्या बाईंना ते खोटं वाटत नसे. संसार झाला होता, फोटो तेवढा राहिला होता.

मग वारं फिरलं. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात अॅन्सल अॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे फोटोग्राफर मंडळींनी एफ/६४ नावाचा गट काढला. फोटो फोटोसारखाच हवा, लख्ख, काठोकाठ स्पष्ट, चित्राची नक्कल नको. फोटोनं कला व्हायचं ते स्वतःच्या पायावर. हे मला पटतं. पण गंमत अशी की याच अॅडम्सचा हात डार्करूममध्ये अण्णांहून जास्त हलायचा. हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा त्याचा १९४१ चा फोटो जगप्रसिद्ध आहे. एकच निगेटिव्ह, पण पुढच्या वर्षांत काढलेल्या प्रिंटमध्ये आकाश काळं होत गेलं आणि आधीच्या प्रिंटमधले ढग त्यात बुडाले. शपथ कॅमेऱ्याची होती, डार्करूमला ती लागू नव्हती.

रंगाचंही असंच. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९४० मध्ये फोटोंचा वेगळा विभाग काढला, पण रंगीत फोटो म्हणजे जाहिरातीतला माल, ही समजूत नंतरही टिकून राहिली. १९७६ मध्ये तिथं विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो लागले तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. आमच्याकडे उलट. काळापांढरा म्हणजे गरिबाचा, रंगीत म्हणजे ऐपतीचा. मॅट प्रिंटवर मी कापसाच्या बोळ्यानं पातळ तेलरंग चोळायचो. गालाला गुलाबी, शालूला हिरवा, आणि कुंकू सगळ्यात शेवटी, कुंचल्याच्या टोकानं. सवाष्ण गेलेल्या बाईच्या फोटोवर कुंकू जरा मोठं काढा, असं सांगून जायचे लोक.

पुतणी बडोद्याला फाइन आर्ट्सला गेली आणि सुट्टीत घरी येऊन मला फोनवर चित्रं दाखवायला लागली. माझं शिक्षण तिथं नव्यानं सुरू झालं. पहिल्यांदा तिनं दाखवले बेखर नवराबायको. जर्मनीतले बेर्न्ट आणि हिला. यांनी उभा जन्म पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, कोळशाच्या खाणींवरचे मनोरे यांचे फोटो काढण्यात घालवला. ढगाळ आकाश, समोरासमोर, माणूस नाही, सावली नाही. मग एकाच जातीच्या नऊ-बारा टाक्या ओळीनं लावायच्या. मला आधी ते सरकारी दप्तर वाटलं. तिनं सांगितलं, १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या दर दोन वर्षांच्या मोठ्या कलाप्रदर्शनात, यांना बक्षीस मिळालं ते फोटोग्राफीचं नाही, शिल्पाचं. त्या एका गोष्टीवर मी पुष्कळ वेळ विचार करत बसलो. टाक्या यांनी बांधल्या नाहीत, हात लावला नाही, नुसतं बघितलं, आणि बक्षीस शिल्पाचं!

तिनं तोच नाद तासगाव-जतकडच्या टाक्यांवर सुरू केला. जिल्हा परिषदेच्या त्या उंच काँक्रीटच्या टाक्या, कुठं गावाचं नाव, कुठं कुठल्याशा मंडळाचं. मी मोटरसायकलवर पुढे, ती मागे तिपाई सांभाळत. प्रत्येक गावात एक तरी माणूस येऊन विचारायचा, ‘काय सायेब, टाकीचं टेंडर निघालंय काय?’ कला आहे म्हणून सांगितलं तर विश्वास बसायचा नाही. पाणी कधी येणार हे विचारून माणूस निघून जायचा. त्या फोटोंत काही टाक्या अशा आहेत की ज्यांच्यात कधी पाणी चढलं नाही. ओळीत लावल्यावर भरलेली कोणती आणि कोरडी कोणती ते कळत नाही. बेखरांच्या फोटोंत हा प्रश्न नसावा. आमच्याकडे तो आपोआप आला.

मग एकेक नावं येत गेली. जर्मन चित्रकार गेऱ्हार्ड रिश्टर: लॅबमधून धुऊन आलेले साधे घरगुती फोटो, पोस्टकार्डाएवढे, आणि चित्रं करून उरलेल्या ओल्या रंगावर ते दाबून ओढलेले. सहलीला गेलेल्या बायकोपोरांच्या अंगावरून हिरव्या-तांबड्या रंगाचा ओघळ. पुष्पमाला एन.: मूळ शिल्पकार, बडोद्यालाच शिकलेली. २००० ते २००४ या काळात फोटोग्राफर क्लेअर आर्नीच्या जोडीनं तिनं रविवर्म्याची लक्ष्मी वगैरे स्वतः सोंग घेऊन, मागे पडदे लावून पुन्हा उभी केली. आणि गौरी गिल व राजेश वांगड: डहाणूकडच्या गंजाड गावचा हा वारली चित्रकार, त्याच्या गावाचे गौरी गिलनं काढलेले काळेपांढरे फोटो, आणि त्यांवर त्यानं शाईनं काढलेलं वारली जग. झाडाखाली एक माणूस उभा आहे तो फोटोतला. त्याच्या भोवती जे जमीन विकणारे, धरणं बांधणारे, मेलेले, पळालेले असंख्य बारीक लोक आहेत ते वांगडच्या हातचे. खाली नावं दोघांची.

हे बघताना माझ्या मनात पहिलं आलं ते असं, की यात नवं काय? रंग आम्ही चोळलाय, पडदे आम्ही लावलेत, फोटोवर शाईनं दागिने आम्ही काढलेत. आपल्याकडे सगळं आधीच होतं, हे म्हणायला आपल्याला फार आवडतं. पण ते खरं नाही. सामान तेच असलं तरी काम उलटं आहे. मी जन्मभर जोड लपवला. ही माणसं जोड दाखवतात. रिश्टरचा ओघळ बघणाऱ्याला सांगतो की तू कागद बघतोयस, बायको नाही. पुष्पमालाची लक्ष्मी बघताना देखावा देखावाच राहतो आणि मग मूळ रविवर्म्याकडे बघतानाही तो देखावा दिसायला लागतो. वांगडच्या रेघा फोटोला म्हणतात, तुला जे दिसलं नाही ते मी भरतो. आमच्या स्टुडिओत हात हलता ठेवायचा तो उमटू नये म्हणून. इथं मुद्दाम थांबवलाय.

समकालीन कलेत फोटोचं काय झालं, असं कुणी मला विचारलं तर माझं उत्तर एवढंच आहे. फिनिशिंगवाला बोळातून पुढे आला आणि खुर्चीवर बसला.

सगळेच नाही म्हणा. आन्द्रेआस गुर्स्की बेखरांचाच विद्यार्थी, पण लपवणारा. त्याचा ऱ्हाइन नदीचा १९९९ चा फोटो: हिरवळ, पाणी, हिरवळ, आभाळ, नुसते आडवे पट्टे. पलीकडच्या काठावरची इमारत, वाटेवरची माणसं त्यानं संगणकावर पुसून टाकली. २०११ च्या नोव्हेंबरात तो ४३ लाख डॉलरला गेला, लिलावात फोटोला तोवर मिळालेली सगळ्यात मोठी किंमत. मी पुतणीला म्हटलं, आमच्या कृष्णेवर यातलं पुसायला घेतलं तर किती दिवस लागतील बघ. आयर्विन पूल, स्वामी समर्थ घाटावरची गर्दी, निर्माल्य, साखर कारखान्यांचा फेस, सगळं पुसलं तर उरेल काय? आणि उरेल त्याला कृष्णा म्हणेल कोण? ऱ्हाइनला तसं करता येतं, याचा मला थोडा हेवाही वाटला.

पुढे २०२२ च्या मेमध्ये मॅन रे या अमेरिकन कलावंताच्या एका जुन्या प्रिंटनं तो विक्रम मोडला, १ कोटी २४ लाख डॉलर. १९२४ चा फोटो. पाठमोरी बसलेली बाई, आणि तिच्या पाठीवर व्हायोलिनच्या अंगावर असतात तशी दोन नागमोडी भोकं, फोटो काढून झाल्यावर उमटवलेली. म्हणजे लिलावातला आजवरचा सगळ्यात महागडा फोटो हा फिनिशिंगचा फोटो आहे. अण्णा असते तर त्यांनी विचारलं असतं, मजुरी किती लावली होती?

आणि मधल्या काळात माझा धंदा फोननं खाल्ला. पेन्सिलीनं मी संध्याकाळभर जे करायचो ते आता फोटो काढायच्या आतच होतं. मुरूम, सुरकुती, डोळ्याखालचं काळं, सगळं गायब, आणि काढणाऱ्यालाही माहीत नाही. जर्मनीच्या बोरिस एल्डागसेननं २०२३ मध्ये सोनीच्या मोठ्या जागतिक स्पर्धेत एक जुना वाटणारा फोटो पाठवला, दोन बायकांचा. बक्षीस मिळालं आणि त्यानं ते नाकारलं. म्हणाला, हा फोटोच नाही, एआयनं केलेलं आहे. लोकांनी त्याला चलाख म्हटलं, काहींनी फसव्या. मला त्यात आमच्या धंद्याचा शेवट दिसला. आता लपवायला हातही उरला नाही.

आता २०१९ चं सांगतो.

त्या ऑगस्टात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गावभागात लोक पहिल्या मजल्यावर चढले, मग गच्चीवर, मग बोटीत. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यावर गाद्या, धान्य, वह्या, फ्रिज यांचे ढीग लागले. त्या ढिगांत अल्बम होते. मी तेव्हा निवृत्त होऊन घरीच संगणकावर जुने फोटो दुरुस्त करायचो. ओळखीचे लोक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ओले गठ्ठे घेऊन दारात यायला लागले.

तिथं एक विचित्र गोष्ट दिसली. आजीआजोबांचे जाड ब्रोमाइडवरचे काळेपांढरे फोटो बरेचसे वाचले. डाग पडले, कडा वळल्या, पण चेहरे शाबूत. ऐंशी-नव्वदीतले रंगीत फोटो मात्र पार गेले. कारण कागदात आहे. काळ्यापांढऱ्यात प्रतिमा चांदीची असते. रंगीत कागदावर जिलेटिनचे थर, एकावर एक: वर निळसर, मधे किरमिजी, तळाला पिवळा. जिलेटिन म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांचा अर्क. पाण्यात ते फुगतं, मऊ होतं, आणि गाळातले जंतू ते खातात. खातात वरून खाली. निळसर थर गेला की फोटो नारिंगी-तांबडा होतो, किरमिजी गेला की पिवळा, पिवळाही गेला की कोरा कागद. त्यामुळं पुरातून आलेल्या प्रत्येक रंगीत फोटोत एक पांढरं तळं असतं, त्याच्या काठाला पिवळी कड आणि तिच्याबाहेर नारिंगी. तळ्यात कोण होतं ते घरच्यांनाच माहीत. मी लोकांना एवढंच सांगत होतो, की ओले फोटो ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका, स्वच्छ गार पाण्यात धुवा आणि सावलीत चेहरा वर करून वाळवा. ज्यांना तेवढा वेळ मिळाला त्यांचं थोडंफार राहिलं. ज्यांच्या घरात पिण्याचं पाणी नव्हतं त्यांना फोटो धुवायला सांगायची मला लाज वाटायची.

गावभागातल्या एका काकूंचा लग्नाचा अल्बम आला. सप्तपदीचा फोटो. काकांचा चेहरा, मुंडावळ्या, हातातला हात, सगळं लख्ख. काकूंच्या जागी मात्र गळ्यापासून वर पांढरं, पिवळी कड, आणि उजव्या कोपऱ्यात वाळलेल्या गाळाची नक्षी, बारीक भेगा पडलेली. पुतणी नेमकी घरी होती. तिनं तो हातात घेतला आणि म्हणाली, ‘काका, याला हात लावू नका.’

काकूंना मात्र हात लावूनच हवा होता. मी स्कॅन केला, त्याच अल्बममधला त्यांचा दुसरा चेहरा घेतला, मापात बसवला, मुंडावळ्या चढवल्या, जोड बुजवला. चाळीस वर्षांचा सराव होता. काकूंनी प्रिंट चष्मा लावून बघितला, चष्मा काढून बघितला. मग म्हणाल्या, ‘मास्तर, हा हळदीचा चेहरा. सप्तपदीला माझे डोळे सुजले होते.’ जरा थांबून, ‘असू दे. भिंतीवर हाच बरा दिसेल.’ आणि पैसे विचारले.

भिजलेला मूळ फोटो मागे राहिला. पुतणीला तो तिच्या प्रदर्शनात हवा होता. तसाच, मोठा करून, भिंतभर. तिनं मला जपानचं दाखवलं. २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोटो गावात स्वयंसेवकांनी साडेसात लाखांच्या आसपास फोटो चिखलातून काढून धुतले आणि लोकांना परत देण्याचा खटाटोप केला. जे ओळखू येण्यापलीकडे गेले होते ते फोटोग्राफर मुनेमासा ताकाहाशीनं भिंतीवर लावले, टोकिओत, मग लॉस एंजेलिसला, न्यूयॉर्कला. फोनवर बघतानाही अंगावर काटा येतो. पण मला तिथं एक फरक जाणवला. ते फोटो ज्यांचे होते ते सापडले नव्हते. आमच्या काकू दोन गल्ल्यांवर राहतात आणि रोज मारुती रोडला भाजी घ्यायला येतात.

म्हणून मी पुतणीला म्हटलं, तू स्वतः जाऊन विचार. ती गेली. काकूंनी तिला पोहे दिले, सगळं ऐकून घेतलं. त्यांचा निकाल असा: ज्या फोटोत आपला चेहरा गेलाय तो खुशाल दाखव, पण ह्यांचा चेहरा दिसतोय तो भाग झाक. गेलेलं माणूस परगावी भिंतीवर नको. पुतणी म्हणाली, झाकला तर फोटोच उरत नाही. काकू म्हणाल्या, मग नको. दोघींत हे आठ-पंधरा दिवस चाललं. शेवटी काकांचं नुसतं उपरणं आणि हातात हात एवढाच भाग घ्यायचा ठरलं. खरं सांगायचं तर त्या कापण्यानं चित्र सुधारलं. पुतणीला ते आवडलं नाही, पण तिनं मान्य केलं.

मग नावाचा वाद. तिनं खाली लिहिलं होतं तिचं नाव, सांगली, वर्ष, आणि माध्यम म्हणून ‘रंगीत छायाचित्र, पूर, गाळ’. मी म्हटलं, मूळ फोटो काढणाऱ्याचं काय? पाठीमागचा शिक्का धुऊन गेला होता. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘नाव नाही आठवत. जेवायला थांबला नव्हता, दुसरं लग्न होतं त्याला, एवढं आठवतंय.’ पुतणीनं ओळ वाढवली: मूळ छायाचित्र, सांगलीतला एक लग्नाचा फोटोग्राफर. मला ते पुरेसं वाटलं नाही, पण याहून जास्त खरंही काही लिहिता येत नव्हतं.

आणि मग किंमत. गॅलरीवाले म्हणाले, पाच प्रती काढा, जास्त नाही, प्रत्येकीवर नंबर नि सही. काकूंना हे समजेना. ज्याच्या हव्या तितक्या प्रती निघतात त्याच्या पाचच का? मी त्यांना समजावायला गेलो आणि मलाच अण्णांच्या दुकानातला दरफलक आठवला: पहिली प्रत एवढ्याला, पुढच्या निम्म्यात, डझनाला खास सूट. जितक्या जास्त तितक्या स्वस्त, हे फोटोचं अंगभूत गणित. गॅलरीनं ते मुद्दाम उलटं केलंय, जेणेकरून फोटो चित्रासारखा दुर्मिळ व्हावा. पीच रॉबिन्सनच्या काळापासून फोटो चित्र व्हायला धडपडत होता, ते झालं शेवटी बिलबुकात.

‘आणि पाच संपल्यावर सहावं कुणी मागायला आलं तर?’ काकूंनी विचारलं.

‘नाही म्हणायचं,’ पुतणी.

‘धंदा असा करतात होय?’

पाचांतल्या दोन गेल्या. तिनं काकूंना त्यातला वाटा दिला, किती ते दोघींनी मला सांगितलेलं नाही. पण गावभागात काही लपत नाही. भिजलेल्या फोटोंना बडोद्याकडे भाव आहे अशी बोलवा झाली. उकिरड्यावर अल्बम टाकलेले लोक हळहळायला लागले. २०२१ च्या जुलैत पाणी परत आलं तेव्हा एकानं मला फोन करून विचारलं, अल्बम वर नेऊ की खालीच राहू दे? चेष्टा करत होता की नाही, मला अजून समजलेलं नाही.

परवा एक तरुण दुकानदार आला, हातात अगदी कोरडा, सुस्थितीतला अल्बम. म्हणाला, मास्तर, हे आता भिजवून चालेल का? मी त्याला मॅथ्यू ब्रँटचं सांगितलं. अमेरिकेतला फोटोग्राफर, तळ्यांचे फोटो काढतो आणि ज्या तळ्याचा फोटो त्याच तळ्याच्या पाण्यात प्रिंट भिजवत ठेवतो, रंगांचे थर सुटेपर्यंत. म्हणजे तसं करतात, पण पाणी जिथलं तिथलं लागतं, नाहीतर त्याला अर्थ नाही.

त्यानं थोडा विचार केला. म्हणाला, ‘मग नळाचं चालेल की. नळाला कृष्णाच येते.’